नटीच्या तोंडाची गौर

माझ्या आत्याकडे गौरीचा एक मुखवटा आहे. प्लास्टरचा, पेणच्याच कारखान्यातला. त्याचा चेहरा एका सिनेमातल्या नटीचा आहे. लहानपणी मला यात काही वेगळं वाटत नसे. कुणाच्या गौरीचा चेहरा गोल असतो, कुणाच्या लांबट, तसा आमच्या गौरीचा नटीचा. पुण्याहून एक गृहस्थ तो मुखवटा पाहायला खास येऊन गेले, तेव्हा ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे असं मला वाटलं.

मी रोह्याला एका शाळेत इतिहास शिकवते आणि जवळच्याच वरसे गावात राहते. माहेर पेण आणि धरमतरच्या मधल्या खारपट्टीत. वडील मिठागरावर कामाला जात आणि पावसाळ्यात थोडी भातशेती करत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. गावातून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पेणला आत्याच्या खोलीवर राहून बी.ए. केलं. आत्या गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हंगामात ती गौरीचे मुखवटे घरी आणायची. एका बल्बखाली ती डोळे काढायची आणि मी नोट्स काढायचे. परीक्षेच्या दिवसांत बल्ब माझ्या बाजूला सरकवलेला असायचा. मी पदवीधर झाले त्यात माझ्या हुशारीपेक्षा त्या खोलीचा वाटा मोठा आहे, हे मी कुठेही सांगते.

आता नटीबद्दल. तिचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना तिचे सिनेमे ठाऊक आहेत ते ओळखतील. पहिल्या सिनेमात ती नायिकेची मैत्रीण होती, दोन-तीन प्रसंगांपुरती. मग एका दिग्दर्शकाने तिला सासुरवाशिणीची भूमिका दिली आणि तो सिनेमा गावोगाव चालला. पोस्टरवर ती हिरव्या लुगड्यात, नाकात नथ, मान किंचित डावीकडे वळलेली. पुढे काही वर्षं सोशिक सून म्हणजे तीच. हनुवटीला खळी होती. बायका रडायला म्हणून तिच्या सिनेमाला जायच्या, असं आई सांगायची. तिने त्याच दिग्दर्शकाशी लग्न केलं. मग ती फक्त त्याच्याच सिनेमांत दिसू लागली आणि सिनेमे कमी होत गेले.

आत्याच्या कारखान्याच्या मालकांनी ते पोस्टर शेडच्या भिंतीला लावलं होतं. त्यावरून त्यांनी गौरीचं तोंड घडवलं, साचा केला, आणि त्या मुखवट्यांना मोठी मागणी आली. पेणहून ते रोह्याला, अलिबागला, महाडपर्यंत जायचे. चेहरा कुणाचा हे कुणी सांगत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

मग एका सिनेमाच्या साप्ताहिकात बातमी आली की नटी नवऱ्याचं घर सोडून मुलीला घेऊन वेगळी राहते. सोबत फोटो होता, मोकळ्या कपाळाचा. मी तेव्हा रांगत असेन. पुढचं सगळं आत्याकडून ऐकलेलं आहे, पण ते इतक्यांदा ऐकलंय की मी तिथेच बसले होते असं वाटतं.

त्या वर्षी श्रावणात बायका मुखवटे घेऊन कारखान्यात परत येऊ लागल्या. कुणी फडक्यात गुंडाळून, कुणी पिशवीतून.

“शेठ, तोंड बदलून द्या.”

“का? फुटलंय?”

“फुटलं नाय. माज्या सुनेचा पहिला ववसा हाय, नवी सून गौरीला सूप ओवाळनार. गौरीला घर मोडलेलीचं तोंड लावू काय?”

शेठ म्हणाले, “तिनं काय खून केलाय?”

“खून केला असता तर एक वेळ चाललं असतं.”

सगळ्या शेडमध्ये हशा पिकला. मग त्या बाईचं लक्ष आत्याकडे गेलं. आत्या खाली मान घालून डोळे आखत होती. त्याच वर्षी होळीनंतर आत्या रोह्याहून माहेरी निघून आली होती. नवरा कंपनीत कामाला होता. शिफ्ट सुटली की प्यायचा आणि हात उचलायचा. पेणसारख्या गावात असल्या गोष्टी लपत नाहीत.

बाई म्हणाली, “तुला नाय गो बोलले.”

आत्या म्हणाली, “मला कशाला बोलशील? माजं तोंड कुणी गौरीला लावलंय?”

परत आलेले मुखवटे शेठनी गोणीत भरले. साचा फोडला आणि तुकडे कारखान्याच्या नव्या जोत्याच्या भरावात टाकले. गोणी भोगावती नदीत सोडायला निघाली तेव्हा आत्याने एक मुखवटा मागून घेतला. आमच्या घरी तोवर तेरड्याची गौर असायची, रोपांना साडी नेसवलेली. मुखवट्याची पद्धत नव्हती. आत्याने मुखवटा घरी आणला. वडिलांनी तो हातात घेऊन पाहिला आणि संध्याकाळी त्याला बसवायला एक लाकडी दांडी तासून दिली. तेव्हापासून आमच्याकडे तीच गौर बसायची. आत्या दर श्रावणात तिला नवा रंग द्यायची आणि डोळे पुन्हा आखायची.

आत्याला परत न्यायला रोह्याहून माणसं आली होती. एकदा सासरा आणि दीर, एकदा गावातले चार जाणते. दुसऱ्या वेळचं मला अंधूक आठवतं, ओटीवर खूप चपला होत्या. आत्या आतूनच बोलली, “ती नटी बघा. एवढी मोठी बाई. गेली ती गेली, मागं वळून बघितलं नाय. मी कशाला बघू?” त्यावर त्यातले एक म्हातारे म्हणाले होते, “ती सिनेमावाली हाय गो.” आत्या म्हणाली, “मार सारखाच लागतो.” ती माणसं चहा न घेता गेली.

नंतरही ते वाक्य आत्याच्या तोंडी अधूनमधून यायचं. मी लग्नाला उशीर करत होते तेव्हा, माझी बदली झाली तेव्हा, वडील गेले तेव्हासुद्धा. मागं वळून बघितलं नाय. आत्याने आपलं आयुष्य त्या एका वाक्याच्या आधाराने उभं केलं आहे, अशी माझी समजूत होती.

पुण्याचे गृहस्थ या गोष्टीत आले ते माझ्यामुळे. शाळेत ‘आपल्या परिसरातील कला’ असं प्रदर्शन होतं. त्यासाठी मी मुखवट्याचे फोटो काढले आणि नंतर फेसबुकवरही टाकले. आठवड्याभरात त्यांचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं नेमकं, मला मॅडम म्हणत होते. त्यांच्याकडे त्या नटीची पोस्टरं होती, थिएटरबाहेर लावायचे फोटो होते, गाण्यांच्या पुस्तिका होत्या, एका सिनेमात नेसलेली साडी होती आणि तिच्या आवाजातली एक रेडिओची टेप होती. तिच्या चेहऱ्याचे मुखवटे निघाले होते असं त्यांनी ऐकलं होतं, पण कुणी दाखवू शकलं नव्हतं.

“इतकं कशासाठी गोळा करता?” मी विचारलं.

ते म्हणाले, “फार थोडं उरलंय म्हणून. दोन सिनेमांच्या प्रिंट्सच नाहीत आता. नंतर तिने कुणाला मुलाखत दिली नाही. जिचं सगळं मिळतं तिच्यामागे कोण धावतं, मॅडम? आमच्यात आता कॉलेजातली मुलंही आहेत. त्यांनी तिला पडद्यावर कधी पाहिलेलं नाही, आणि एका फोटोसाठी भांडतात.”

मला त्यांचं पटलं. जुन्या वस्तू जपल्या पाहिजेत हे मी वर्गात दरवर्षी सांगते. त्यात घरी एक अडचण निर्माण झाली होती. भावाने गावात नवं घर बांधलं आणि वहिनीने फायबरची उभी गौर आणली, हातापायांसकट, शिवलेली साडी असलेली. दिसते छान. वहिनी आत्याला म्हणाली, “आत्या, आता तुमची राहू दे की. तिला टोपल्यावर बसवा, नेसवा, किती खटपट. आन् तुम्हालाही आता दिसत नाय नीट.” तेही खरंच होतं, आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मागच्या वर्षी मुखवटा आत्याच्या पेणच्या खोलीत ट्रंकेतच राहिला. माझ्या सासरी गौरी आणायची पद्धत नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी नव्याने सुरू करायची नसते, असं सासूबाई मानतात, आणि मी त्यांच्याशी यावर वाद घातलेला नाही.

तेव्हा आत्याच म्हणाली, “तुज्या त्या पुण्याच्या मान्साला विचार. नेतो तर नेऊ दे. ट्रंकेत ठेवून ती काय बसलीय?”

मी फोन केला. त्यांना इतका आनंद झाला की ते लगेच नटीबद्दल सांगू लागले, आणि त्या बोलण्यात सहज म्हणून गेले की दीड-दोन वर्षांनी ती नवऱ्याकडे परत गेली होती. शेवटपर्यंत त्याच बंगल्यात राहिली.

मी म्हटलं, “ही खात्रीची माहिती आहे?”

“मॅडम, मी त्या बंगल्यात जाऊन आलोय.”

मी त्यांना विनंती केली की आत्यासमोर हे काढू नका. का, ते थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे. आत्या सत्तरीला टेकलेली. जिच्याकडे बघून ती परत गेली नाही, तीच परत गेली होती, हे या वयात तिला कशाला कळायला हवं, असा माझा विचार होता.

ते आले त्या दिवशी मी रजा काढली होती. रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला आले. ते स्टँडवर उभेच होते, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. आत्याने इस्त्रीची साडी नेसली होती आणि मुखवटा पाटावर ठेवला होता, फडक्याने झाकून. त्यांनी खाली बसून बॅगेतून पांढरे सुती हातमोजे काढले आणि घातले.

आत्याने विचारलं, “हाताला काय झालंय?”

“काही नाही. वस्तूला घाम लागू नये म्हणून.”

“आमचा लागलाय इतकी वर्षं.”

ते हसले, पण मोजे काढले नाहीत. फडकं बाजूला केलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मान किंचित डावीकडे, हनुवटीला खळी. “तीच आहे,” असं ते पुटपुटले. मग खिशातून भिंग काढून त्यांनी कानाजवळचा भाग तपासला, जिथे रंगाचे थर दिसत होते.

“बाई, हे किती वेळा रंगवलंय?”

“दर साली.”

“दर वर्षी?” त्यांचा चेहरा पडला. “वरचे थर काढावे लागतील. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, तो हळूहळू काढतो. खालचा मूळ रंग निघेल. आणि इथून पुढे रंग अजिबात द्यायचा नाही.”

“मंग तिचं तोंड कधी धुवायचं?” आत्याने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

मला वाटलं, आता बोलणं पुढे सरकेल, मी चहा टाकायला उठले. आतून मला दोघांचं ऐकू येत होतं. आत्या त्यांना प्रश्न विचारत होती आणि ते प्रामाणिकपणे उत्तरं देत होते.

“घरी कोण कोण असतं?”

“मी आणि मिसेस. मुलगा बाहेर असतो.”

“हिला ठेवणार कुठं?”

“एक वेगळी खोली केली आहे. एसी आहे. खिडक्या बंद ठेवतो, उजेडाने रंग उडतात.”

“म्हंजे अंधारात.”

“कुणी आलं की लाइट लावतो ना.”

“कोण येतं?”

“माझ्यासारखेच. चार-पाच जण.”

“बायका?”

“बायका… नाही, सहसा नाही.”

“आन् तुमची बायको?”

“ती त्या खोलीत येत नाही. तिला या सगळ्याचा कंटाळा आहे.”

मी चहा घेऊन बाहेर आले. हे बोलणं मला ओळखीचं वाटत होतं. माझं लग्न ठरवायला वडील आणि आत्या वरशाला आले होते, तेव्हा आत्याने माझ्या सासऱ्यांना याच चालीने प्रश्न विचारले होते. पाणी कुठून आणतात, स्वयंपाकघरात उजेड येतो का, सगळं.

कपबशी खाली ठेवून आत्या म्हणाली, “तुमी तिचं सगळं वाचलंय म्हनता. मला एक सांगा. ती मागं गेली काय नवऱ्याकडं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी ते पाहणं तिला दिसलं.

“तिच्याकडं बघू नका. मी विचारतेय. तुमी खोटं बोलनारे दिसत नाय.”

मी म्हटलं, “आत्या, जाऊ दे ना.”

“तू गप बस गो.”

त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि सांगितलं. घर सोडल्यावर ती आधी भावांकडे गेली. ते घर तिच्याच कमाईवर बांधलेलं होतं. भावांनी तिला चार-आठ दिवस ठेवलं आणि मग म्हणाले, आमच्या मुलींची लग्नं व्हायची आहेत. ती भाड्याने राहिली. घर सोडलेल्या बाईला सोशिक सुनेची कामं द्यायला निर्माते तयार नव्हते, आणि दुसरी कामं तिच्याकडे कधी आलीच नव्हती. शेवटी फी भरता येईना आणि मुलीची शाळा सुटायची वेळ आली तेव्हा ती परत गेली. पुढे त्या बंगल्यात ती वरच्या मजल्यावर राहायची आणि तो खालच्या. तो आधी गेला. ती नंतर काही वर्षं एकटीच वर होती.

“शेवटपर्यंत?” आत्याने विचारलं.

“शेवटपर्यंत.”

बाहेर शेजारची बाई नळावर भांडी घासत होती. मी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला भीती वाटत होती की ती आता म्हणेल, मग मीच एकटी वेडी ठरले. पण ती आपलं काही मोजत नव्हती. ती नटीचाच विचार करत होती.

“म्हंजे तिला म्हायेरच नवतं,” ती म्हणाली.

“नव्हतं,” ते म्हणाले.

“मला भाऊ होता. मी आले तर त्यानं विचारलं पन नाय, किती दिवस राहनार म्हनून. दुसऱ्या दिवशी मिठागरावर गेला तर माजा पन डबा भरून ठेवायला वयनीला सांगून गेला.” वयनी म्हणजे माझी आई. “मला वाटायचं, मी तिच्यासारकी धीराची. तसं नाय. तिच्यात धीर माज्याहून जास्त असंल. तिला जायला जागा नवती, एवढंच.”

मग तिने पाट स्वतःकडे ओढून घेतला.

“साहेब, रागावू नका. ही मी देत नाय.”

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “बाई, मी नीट सांभाळेन. कदाचित असा हा एकच उरला असेल.”

“म्हनूनच. जितीजागती होती तर कुनी दार उघडलं नाय. आता तीन दिवस इथं येते ती, वरसातून एकदा. ते पन बंद करून तुमच्या अंधाऱ्या खोलीत घालू? तुमची बायको पन तिथं जात नाय.”

“पण आत्या, वहिनीकडे तर आता फायबरची आहे,” मी म्हटलं. “हिला बसवणार कुठे?”

“हितं.”

“या खोलीत? तू एकटी?”

“एकटी कशी? ती येनार ना.”

नवऱ्याला सोडून आलेल्या बाईने स्वतःच्या नावावर स्वतःच्या खोलीत गौर बसवायची, हे आमच्याकडे कुणी केलेलं नाही. ओवाळायला सवाशिणी लागतात, त्या येतील की नाही हेही ठाऊक नव्हतं. आत्या म्हणाली, चाळीतल्या बायकांना बोलावीन, येतील त्या येतील. आणि डोळे आखायला तू शनिवारी ये, मी सांगते तसा हात फिरव. मी म्हटलं, मला जमणार नाही, तोंड बिघडेल. “बिघडलं तर पुढच्या वरसाला सुदरू,” ती म्हणाली. वर्गात मी जपणुकीबद्दल जे शिकवते ते मला त्या क्षणी सांगता आलं असतं. मी फक्त बरं म्हटलं.

गृहस्थ नाराज झाले होते, पण उठून गेले नाहीत. त्यांनी फोटो काढायची परवानगी मागितली. आत्याने मुखवटा खिडकीशी उजेडात नेऊन धरला, ते सांगतील तसा वळवला. “खळी येऊ दे नीट,” असंही एकदा म्हणाली. फोटो झाल्यावर त्यांनी एक वही काढली. त्यांच्या माहितीतल्या नटीच्या सगळ्या वस्तू त्यात लिहिलेल्या असतात, स्वतःकडच्या आणि दुसऱ्यांकडच्याही. त्यांनी लिहिलं आणि पद्धतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं, चूक राहू नये म्हणून. गौरीचा मुखवटा, प्लास्टर, पेण, अनेकदा रंगवलेला, सध्या खासगी संग्रहात.

“खासगी संग्रहात म्हंजे?” आत्याने विचारलं.

“म्हणजे सरकारी संग्रहालयात नाही. कुणाच्या तरी घरी आहे.”

“मंग तसंच लिवा ना. घरी हाय म्हनून.”

त्यांनी शेवटचे दोन शब्द खोडले आणि तसं लिहिलं.